मॉलमध्ये जातात आणि हात हलवत येतात!

कुठे बोलणार नसाल तर सांगते. दुबईतली माणसं मॉलमध्ये जाऊन काहीसुद्धा घेत नाहीत! जातात नटूनथटून, ऊदाचा घमघमाट सोडत, अख्खं खटलं बरोबर घेऊन. चार-चार तास हिंडतात आणि हात हलवत घरी येतात. आम्ही बापडे नवे. यादी आणि कापडी पिशवी घेऊन गेलो, तर आम्हीच वेड्यात निघालो.

आता दुबई मॉलचंच घ्या. 2008 साली उघडलेला, 1,200 च्या वर दुकानं. मेट्रोने गेलात तर स्टेशनातून मॉल लगेच लागेल असं वाटतं ना? छे! आधी एक बंदिस्त एसी पूल, सुमारे 800 मीटरचा. सरकते पट्टे आहेत म्हणा, पण त्यांवरही लोक कर्जत लोकल सुटत असल्यासारखे तरातरा चालतात. मॉल आला आला म्हणेपर्यंत पायांचे तुकडे पडतात. आणि एवढी पायपीट कशासाठी? तर मासे बघायला!

हो, मासे. एक कोटी लिटर पाण्याची टाकी, 8 मीटरहून उंच काच, आत शार्क आणि पाकट. खालच्या बोगद्यातून जायचं तर तिकीट, पण काचेसमोर उभं राहायला फुकट. मग काय, सगळी दुनिया काचेसमोर! मल्याळी, फिलिपिनो, पठाण, आपले डोंबिवलीकर, कुणी म्हणून मागे नाही. पांढराशुभ्र कंदुरा घातलेले एक आजोबा नातवाला शार्क दाखवत होते. नातवाचं सगळं लक्ष शेजारच्या पोराच्या पॉपकॉर्नवर. इतक्यात मागून अस्सल मालवणी आवाज आला, ‘ह्येच्यात पापलेट खंय आसा?’ अख्ख्या गर्दीत खरेदीच्या भाषेत बोलणारा हा एकच सज्जन.

बरं, हे सोवळं वाटावं असा दुसरा प्रकार मॉल ऑफ द एमिरेट्समध्ये. बाहेर 45 अंश, रस्त्यावर पाऊल टाकवत नाही, आणि आत 2005 पासून चक्क बर्फाचा डोंगर! शून्याच्याही खाली तापमान. लोक पैसे मोजून थंडीने कुडकुडतात. जाकीट-विजार तिकिटात मिळते. वर तिथे पेंग्विन पाळलेत! राणीच्या बागेत पेंग्विन आणले तेव्हा मुंबईत केवढा गहजब झाला होता, आठवतंय? इथे ते कपड्या-चपलांच्या दुकानांशेजारी सुखाने नांदतात आणि कुणी ब्रसुद्धा काढत नाही. ज्यांच्याकडे तिकिटाचे पैसे नाहीत किंवा द्यायची इच्छा नाही (आम्ही दुसऱ्या गटात), ते बाहेरून काचेला नाक लावून घसरणाऱ्यांना हसतात. तेही फुकट.

आणि त्या बिचाऱ्या इब्न बतूताचं काय करून ठेवलंय! जगभर हिंडलेला माणूस, तुघलकाच्या दिल्लीत काझी झाला, आपल्या दौलताबादेलाही येऊन गेला. त्याच्या नावाचा मॉल आहे इथे. अंदलुसिया, ट्युनिशिया, इजिप्त, इराण, हिंदुस्थान, चीन असे सहा विभाग. त्याला आयुष्याची बरीच वर्षं लागली, आपण ते जग तासाभरात पालथं घालतो. इराणच्या निळ्या नक्षीदार घुमटाखाली कॉफीचं दुकान आणि हिंदुस्थानात हत्तीवरचं भलंमोठं घड्याळ. तिथेही खरेदी करणाऱ्यांपेक्षा माना वर करून छत बघणारेच जास्त.

पण खरी हद्द झाली ऑगस्ट 2025 मध्ये. युवराज शेख हमदान यांच्या पुढाकाराने सरकारनेच मोठमोठे मॉल सकाळी 7 ते 10 चालायला आणि धावायला खुले केले. नाव ठेवलं मॉलथॉन! म्हणजे दुकानं उघडायच्या आधी यायचं, घाम गाळायचा आणि दुकानं उघडायच्या वेळी घरी जायचं. अब्रह्मण्यम्! व्यापाऱ्याच्या दारात असा उघडउघड न-खरेदीचा सोहळा, तोही सरकारी आशीर्वादाने!

नाकं मुरडून झाली, आता खरं सांगते. उन्हाळ्यात इथे दुसरं जायचं कुठे? कित्येक बसथांब्यांनाही एसी बसवावा लागतो असं हे गाव. रात्री आठलासुद्धा अंगाची लाही होते. म्हणून बाग मॉलमध्ये, कट्टा मॉलमध्ये, मुलगी दाखवण्याचे कार्यक्रमसुद्धा फूड कोर्टात उरकलेले ऐकून आहे. अजान झाली की गाणी थांबतात, नमाजाची खोली आतच. रात्री अकराला बाबागाड्यांची रहदारी असते आणि आतली पोरं टक्क जागी. पोरांच्या झोपेची ही आबाळ मात्र मला अजून पचलेली नाही. दाराशी खांदे-गुडघे झाकण्याची अदबशीर सूचना असते. ती न पाळणाऱ्या पर्यटकांना कुणी टोकायची गरजच पडत नाही, एसीच त्यांना अर्ध्या तासात ओढणी विकत घ्यायला लावतो. बघा, झाली की नाही एक तरी खरेदी!

तेव्हा तिकडून आई-बाबांना उन्हाळ्यात बोलावणार असाल तर खरेदीच्या याद्या करायला लावू नका. चांगले बूट आणि एक शाल तेवढी बॅगेत वर ठेवायला सांगा.