वासाचे तात्या

पुण्याहून ट्रेकवाले येतात ते मार्गासनीला वळून साखरमार्गे गुंजवण्याला, राजगडाच्या पायथ्याशी जातात. शनिवारी येणाऱ्या दुसऱ्या जमातीला मात्र गडाशी देणंघेणं नसतं. त्यांनी इथे बंगला बांधलेला असतो. दार उघडून "काय हवा आहे!" म्हणायला ते श्वास आत ओढतात, आणि तो तिथेच अडकतो. मग हाक जाते तात्यांना.

असे तात्या गावोगावी असतात. नात्यात कुणाच्याच नसतात, संडासात सगळ्यांच्या असतात. शिक्षण जेमतेम, नाक पदव्युत्तर.

तात्या आल्या आल्या आत शिरत नाहीत. ओट्यावर टेकतात, चेलाडी फाट्यावर गर्दी होती का ते विचारतात. मग एकदम उठून दारात डोळे मिटून उभे राहतात, डावी नाकपुडी दाबतात आणि म्हणतात, "संडास नाय. मोरी." मालक हबकतो. आत एक फेरी मारून तात्या लगेच बाहेर येतात आणि चहा-भजी मागतात. यात हावरेपणा नाही, शास्त्र आहे. सडक्या अंड्यासारख्या त्या वासाला नाक बघता बघता सरावतं आणि तो येईनासाच होतो, म्हणून नाकाला मोकळी हवा द्यावी लागते. शास्त्रात भजी कुठे बसतात, हे विचारलं की तात्यांना ऐकू येत नाही.

तोवर मालकाने शहरातल्या प्लंबरला फोन लावलेला असतो. तो न बघताच सांगतो, टाईल्स फोडाव्या लागतील. तात्या याच वाक्याची वाट बघत असतात. "बादली हाय का घरात?" नहाणीत बादलीभर पाणी जातं, आणि भजी संपेपर्यंत वास नाहीसा. मोरीखालच्या वाकड्या नळीत, म्हणजे ट्रॅपमध्ये, जेमतेम 50 मिलिमीटर पाणी उभं असतं, तेवढंच सेप्टिक टाकीतल्या गॅसला अडवतं. घर महिनाभर बंद राहिलं की ते सुकतं. संडासाच्या नळीला असा बाक देण्याचं पेटंट 1775 साली लंडनच्या अलेक्झांडर कमिंग या घड्याळजीने घेतलं. तात्या हे अशा सुरात सांगतात, की त्याला यांनीच सुचवलं असावं.

पाण्याने भागलं नाही तर संशय टाकीच्या गॅसपाईपवर. वर पाखराने घरटं केलं की पाईप तुंबतो, मग फ्लश केल्यावर बेसिन गुडगुडतं आणि ट्रॅपमधलं पाणीही ओढलं जातं. तेही नसेल, तर शेवटचं अस्त्र पेपरमिंटचं तेल. ते गरम पाण्याबरोबर वरून पाईपात ओतायचं, आत जिथे गोळीचा वास येईल तिथे सांधा गळका. अट एकच: ओतणाऱ्याने घरात यायचं नाही, त्याच्या हातालाच तो वास असतो. त्यामुळे भर उन्हात छपरावर मालक आणि आत पंख्याखाली तात्या, अशी कामाची वाटणी होते. "उतरू का?" असं वरून विचारलं की उत्तर ठरलेलं, "थांबा, येतोय येतोय वाटतंय."

तात्यांच्या स्वतःच्या घराबद्दल शेजारीण वेगळं सांगते. तात्यांच्या मते तिला येणारा वास हा सगळा वाऱ्याचा दोष. भारतीय मानकाप्रमाणे सेप्टिक टाकी घरापासून 15 मीटरच्या आत असेल, तर गॅसपाईप छपराच्याही वर 2 मीटर न्यावा आणि तोंडाला डासांची जाळी बांधावी. तात्यांचा पाईप शेजारणीच्या स्वयंपाकघराच्या खिडकीपर्यंत पोचतो.