विकायचं नाही!

भावोजींच्या तळघरात उतरायचं तर आधी हात धुवावे लागतात. नुसते धुऊन भागत नाही. कोरडे करून दाखवावे लागतात आणि क्रीम-बिम काही लावलेलं नाही असं तोंडाने सांगावं लागतं. आजीचं सोवळं ज्यांनी पाहिलंय त्यांना याचं नवल वाटणार नाही. नवे पाहुणे मात्र गोंधळून ताईकडे बघतात. ताई म्हणते, "धुवा हो. मीसुद्धा धुते."

खाली असतात बेसबॉलची कार्डं. अडीच इंच रुंद, साडेतीन इंच उंच पुठ्ठ्याचा तुकडा. पुढे खेळाडूचा फोटो, मागे बारीक टायपात त्याची सगळी कुंडली. न्यू जर्सीतल्या मराठी घराच्या तळघरात एरवी गणपतीचं मखर, भारतवारीच्या बॅगा आणि कपडे वाळत घातलेली ट्रेडमिल असते. इथेही ते सगळं आहे, पण जिन्याखाली, अंग चोरून. बाकी जागा कार्डांची. कोपऱ्यात हवेतली ओल शोषणारं यंत्र अहोरात्र घुमत असतं. काटा पन्नास टक्क्यांच्या वर गेला की भावोजींना झोप लागत नाही. त्या कोरड्या हवेत ताईच्या कुरडया फार छान वाळतात, पण हे भावोजी कार्ड शोला गेले की मगच करायचं असतं.

पाहुण्याचा पहिला प्रश्न ठरलेला. "ह्याचे किती येतील?"

भावोजींना हा प्रश्न मनापासून आवडतो. ते किंमत सांगतात, गेल्या महिन्यातली सांगतात, दोन वर्षांपूर्वीची सांगतात. मध्यंतरी लिलावात असंच एक गेलं, त्याचा डावा कोपरा ह्याच्यापेक्षा किती वाईट होता, तेही सांगतात. मग पाहुणा दुसरा प्रश्न विचारतो, "अहो, मग विकत का नाही?" आणि भावोजींचा चेहरा पडतो. "विकायचं नाही!"

"मग किंमत कशाला बघता?"

"माहीत नको?"

सकाळच्या चहाबरोबर ते भाव बघतात. चढला तर खूश, कारण आपल्याकडे आहे. उतरला तर जास्त खूश, कारण आता आणखी एक घेता येईल. या दोन्ही आनंदांतून घरात एक पैसा आल्याचं ताईच्या पाहण्यात नाही.

हे वेड त्यांना लागलं १९८६ साली. ते नुकतेच इथे आले होते. बेसबॉल म्हणजे आपल्या विटीदांडूचं श्रीमंत घरी दिलेलं रूप, एवढंच त्यांचं मत. ऑक्टोबरात न्यूयॉर्कच्या मेट्स संघाची बॉस्टनशी वर्ल्ड सिरीज चालू होती. सहाव्या सामन्यात, दहाव्या इनिंगमध्ये, मूकी विल्सनने मारलेला साधा घरंगळता चेंडू बॉस्टनच्या बिल बकनरच्या दोन पायांमधून निघून गेला. मेट्सने तो सामना जिंकला, पुढचाही जिंकला. दुसऱ्या दिवशी ऑफिसात, तोवर मान हलवण्यापलीकडे कधी न गेलेली माणसं भावोजींच्या टेबलाशी थांबून बोलू लागली. ही माणसं कोण, कुठली, हे तरी कळावं म्हणून भावोजींनी दुकानातून कार्डांचं पाकीट घेतलं. तेव्हा त्यात गुलाबी च्युइंगगमची एक पट्टी असायची. भावोजींनी गम खाल्लं आणि कार्डांच्या मागच्या बाजू वाचून काढल्या. उंची, वजन, जन्मगाव, डावखुरा की उजवा. अलाबामा कुठे आणि ओक्लाहोमा कुठे, हे ते नकाशावरून शिकले नाहीत. कोणता पिचर कुठे जन्मला त्यावरून शिकले. अजूनही एखाद्या गावाचं नाव काढा, ते तिथला सेकंड बेसमन सांगतात. रस्ता विचारलात तर मात्र जीपीएस लावतात.

बकनर आणि विल्सन पुढे मित्र झाले आणि त्या चेंडूच्या फोटोवर दोघे शेजारी शेजारी बसून सह्या देऊ लागले. दोन्ही सह्यांचा तो फोटो भावोजींच्या भिंतीवर आहे. "शिवाजी पार्कात हे झालं असतं ना," ते म्हणतात, "तर त्या बिचाऱ्याला दादर सोडायला लागलं असतं."

मग मुलगा झाला आणि भावोजींना हक्काचं निमित्त मिळालं. पोराच्या कॉलेजची तरतूद म्हणून त्यांनी १९८८ ते ९१ या काळातली न फोडलेली खोकी विकत घेऊन ठेवली. त्या दिवसांत अमेरिकेतले निम्मे बाप हेच करत होते. कंपन्याही छापत सुटल्या होत्या, इतक्या की आज ती कार्डं तोळ्यावर नाही, किलोवर दिली तरी कुणी घेत नाही. संग्राहक मंडळी त्या काळाला सरळ कचऱ्याचा काळ म्हणतात. मुलगा कर्ज काढून शिकला, ते फेडूनही झालं. खोकी अजून आहेत. १९८९ च्या अपर डेक सेटमधलं पहिल्या नंबरचं केन ग्रिफी ज्युनिअरचं कार्ड तेवढं भाव राखून आहे. ते भावोजींकडे आहे, आणि ते अर्थातच विकायचं नाही.

जुन्या कार्डांना भाव का, याचं त्यांचं उत्तर मला फार आवडतं. "आया," ते म्हणतात. "पोरं कॉलेजात गेली की आयांनी बुटांच्या खोक्यांतली कार्डं फेकून दिली. पोरांनी सायकलच्या चाकात फडफडायला लावली ती वेगळीच. ज्यांच्या आयांनी फेकली नाहीत, त्यांचीच उरली. मातृदेवो भव!" त्यांच्या स्वतःच्या आईने त्यांच्या क्रिकेटच्या फोटोंची वही रद्दीवाल्याला किलोने घातली होती. त्या वहीबद्दल बोलताना मात्र ते मातृदेवो भव म्हणत नाहीत.

उन्हाळ्यात आम्ही सगळे सँडी हूकच्या किनाऱ्यावर जातो. पोरं पाण्यात, बायका छत्रीखाली, आणि भावोजी कमरेवर हात ठेवून समुद्राकडे तोंड करून उभे. नव्या माणसाला वाटतं, त्यांना भारताची आठवण येतेय. तसं काही नाही. टॉप्स कंपनीचा १९५२ चा सेट ४०७ कार्डांचा. त्यातली ३११ पासून पुढची कार्डं हंगाम संपता संपता दुकानात आली आणि पडून राहिली. गोदामात जागा हवी म्हणून १९६० मध्ये आपण ती बोटीत भरून इथल्याच समुद्रात, अटलांटिक हायलँड्ससमोर बुडवली, असं कंपनीचे साय बर्जर सांगत. ३११ नंबरचं कार्ड म्हणजे मिकी मँटल. त्यातलं एक २०२२ च्या ऑगस्टमध्ये लिलावात १ कोटी २६ लाख डॉलरला गेलं. "इथेच कुठे तरी आहेत," भावोजी पुटपुटतात. कुणी म्हणालं, "मँटलचं पहिलं कार्ड ना ते?" तर ते समुद्रावरून नजर न हलवता दुरुस्त करतात, "पहिलं १९५१ चं. बोमनचं."

त्यांची खरी कसोटी कोपऱ्यांची. कार्ड कुणी हातात घेतलं की "कडेला धर, कडेला!" आणि मग "आधी कोपरे बघ." कार्डं तपासून गुण देणाऱ्या कंपन्या आहेत, कोपरे, कडा, पृष्ठभाग आणि चित्र मधोमध आहे की सरकलंय हे बघून त्या एक ते दहा गुण देतात आणि कार्ड कडक प्लास्टिकमध्ये कायमचं बंद करतात. या गुणांनी भावोजींच्या डोक्यात घर केलंय. लग्नपत्रिका आली की मुलगी कुणाची हे वाचायच्या आधी ते चौकटीचा समास बघतात. "डावीकडे सरकलीय. सात." ताईच्या करंज्यांना एका दिवाळीत "कडा उत्तम, सेंटरिंग गेलं, आठ" मिळाले होते. दहा आजवर कुणालाच नाही. ताई म्हणते, लग्नानंतर पहिली दहा वर्षं हा माणूस बरा होता.

गंमत अशी की इतक्या काटेकोर माणसाचा जीव चुकलेल्या कार्डांवर आहे. १९६९ च्या एका कार्डावर ऑरेलिओ रॉड्रिगेझ म्हणून संघाच्या बॅटा उचलणाऱ्या पोराचाच फोटो छापला गेलाय. १९८९ च्या एका कार्डावर बिली रिपकेनच्या बॅटच्या मुठीवर ठसठशीत शिवी लिहिलेली दिसते; तरी ते तसंच छापून बाजारात आलं. हे कार्ड ते पाहुण्यांना दाखवतात, पण सासरचे वडीलधारे असले तर मूठ अंगठ्याखाली झाकून. आणि त्यांची आवडती कथा होनस वॅग्नरची. १९०९ ते ११ मध्ये सिगारेटच्या पाकिटांतून आलेलं त्याचं कार्ड साठेकच उरलंय; २०२२ मध्ये एक साडेबहात्तर लाख डॉलरला गेलं. "शॉर्टस्टॉपला वॅग्नर म्हणजे फॉरवर्ड शॉर्टलेगला एकनाथ सोलकर," एवढ्यात ते आपल्या माणसांना सगळं समजावून देतात. वॅग्नरच्या उरलेल्या कार्डांतलं सर्वांत सुंदर, सर्वांत गाजलेलं कार्ड कडा सरळ दिसाव्यात म्हणून कापलेलं होतं, असं ते विकणाऱ्या डीलरने २०१३ मध्ये कोर्टात कबूल केलं. तेव्हापासून भावोजींच्या तळघरात कात्री नेता येत नाही. सेलोटेप दातांनी तोडावा लागतो.

सह्यांचं प्रकरण वेगळं. चेंडूवर निळं बॉलपेन, कार्डावर मार्कर, आणि चेंडूवर सही फक्त शिवण जिथे जवळ येते त्या अरुंद जागेत. हे सगळं ते रांगेत मागच्या माणसालाही ऐकवतात. विकतच्या सहीवर त्यांचा विश्वास नाही, आणि त्याला कारण आहे. एफबीआयने नव्वदच्या दशकात खोट्या सह्यांची टोळी पकडली, तेव्हा टोळीकडे मदर तेरेसांची सही असलेले बेसबॉलसुद्धा सापडले. हे सांगताना भावोजींना हसू आवरत नाही. "कोलकात्यात कुठल्या पोझिशनला खेळायच्या, ते तरी विचारायचं!" आणि क्लीव्हलंडचा बॉब फेलर इतक्या उदारपणे सह्या द्यायचा की त्याची सही *नसलेला* चेंडूच दुर्मीळ, हा तिथल्या लोकांचा जुना विनोद ते स्वतःचा म्हणून सांगतात.

विकतची सही नको म्हणून ते पत्रं लिहितात. मोठ्या खेळाडूंना नव्हे. त्यांच्याकडे पत्रांचा ढीग असतो. एक-दोन हंगाम खेळून घरी गेलेल्या, ज्यांचं कार्ड आजही चार आण्यांना कुणी घेत नाही, अशा म्हाताऱ्यांना. हाताने लिहिलेलं पत्र, आत कार्ड, आणि आपला पत्ता घालून तिकीट लावलेलं परतीचं पाकीट. पत्राची भाषा सासऱ्यांना लिहावी तशी. आपण अमुक साली अमुक संघाविरुद्ध मारलेला तो फटका मी पाहिलेला नाही, पण कार्डाच्या मागे वाचला, असं प्रामाणिकपणे लिहितात. सही तर येतेच. कधी सोबत चिठ्ठी येते: गुडघा दुखतो, तुमच्याकडे थंडी किती. एकदा एका बाईंचं पत्र आलं. कार्ड कोरंच परत पाठवलं होतं. नवरा वसंतात गेला, पण ह्या आठवड्यात कुणीतरी त्याला खेळाडू म्हणून हाक मारली, म्हणून आभार. ते पत्र कार्डाच्याच प्लास्टिकमध्ये आहे. त्याची किंमत भावोजींना विचारून बघा. त्यांना ती ठाऊक नाही.

परवा मात्र त्यांनी स्वतःचाच नियम मोडला. एका हॉटेलच्या हॉलमध्ये कार्ड शो होता. एक जुना, नावाजलेला पिचर सह्या देत होता, पैसे भरून रांग. सहीबरोबर कुणाचं नाव घालून घ्यायचं नाही, हा भावोजींचा कायदा. नाव आलं की तो चेंडू बाजारात निकामी. पण त्या म्हाताऱ्याने पेन उचलून थेट डोळ्यांत बघत विचारलं, "कुणाच्या नावे?" भावोजींचं सगळं इंग्रजी तिथेच संपलं. तोंडातून निघालं ते ताईचं नाव. म्हाताऱ्याने स्पेलिंग दोनदा विचारलं, तरी एक अक्षर चुकलंच.

घरी आल्यावर ताईने चेंडू बघितला, नाव वाचलं, आणि खरं सांगतो, लाजली. मग विचारू नये तो प्रश्न तिनेही विचारला. "किती येतील हो ह्याचे?"

भावोजी सवयीने बोलून गेले. "नाव नसतं तर चांगले आले असते. आता निम्मे."

"म्हणजे माझ्या नावाने निम्मी किंमत गेली?"

"अगं, बाजाराचा नियम आहे. मी काय करू?"

"विकायचाय का?"

"छे! विकायचा कशाला?"

"मग निम्मे काय नि पूर्ण काय!"

भावोजींकडे याला उत्तर नव्हतं. चेंडू आता ताईचा आहे. भावोजींनी त्याच्यासाठी आणलेली काचेसारखी डबी तिने लवंगा ठेवायला घेतली, आणि चेंडू स्वयंपाकघरात, मिसळणाच्या डब्याशेजारी आहे. तिथे हवेतली ओल किती असते ते देवाला ठाऊक. फोडणी देता देता ती तो सरळही करते, धुतल्या हाताने किंवा न धुतल्या. सहीच्या शेपटावर हळदीचं एक बोट उमटलंय. भावोजींनी ते पाहिलंय. दहापैकी किती, असं मी विचारलं तर म्हणाले, "चहा घेणार का तू?"