अंगाला झेपेल तेवढंच

एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरनं 1897 साली कुर्डुवाडीहून बार्शीला अडीच फुटी रुळांवरून छोटी रेल्वे नेली. तिचं नाव बार्शी लाइट. गडी मोठा हिशेबी. एका एक्सलवर पाच टनांपेक्षा जास्त भार पडता कामा नये, हे त्यानं आधी ठरवलं आणि मग इंजिन, डबे, वाघिणी त्या मापात बसवल्या. रूळ हलके, म्हणून खर्चही हलका. ही गाडी शंभरावर वर्षं चालली. घाईतल्याला वैताग देत आणि निवांत माणसाला गप्पांसाठी वेळ देत.

अंगावर वागवायच्या एआय यंत्रांचा हिशेब नेमका उलटा: आधी कामं ठरवायची, अंगाला काय झेपेल ते मग. अमेरिकेतल्या ह्युमेन कंपनीनं 2023 च्या नोव्हेंबरात एआय पिन जाहीर केली. चुंबकानं सदऱ्याला लावायची डबी. तिच्याशी बोलायचं, ती उत्तर देणार, फोटो काढणार, तळहातावर लेझरनं अक्षरं उमटवणार. किंमत 699 डॉलर आणि शिवाय दरमहा 24 डॉलर. तळहाताचा पडदा करायची हौस तशी जुनीच. मुंबईच्या आयआयटीत डिझाइन शिकलेल्या प्रणव मिस्त्रीनं 2009 मध्येच गळ्यातल्या प्रोजेक्टरनं हातावर फोनची बटणं उमटवून दाखवली होती. टाळ्याही भरपूर पडल्या. पण टाळ्या पाच मिनिटांच्या असतात आणि सदरा दिवसभराचा.

दिवसभर अंगावर ठेवायची वस्तू लहान हवी, म्हणजे बॅटरीही लहान. डबीची अक्कल दूरच्या सर्व्हरवर, म्हणजे सारखी तिकडे विचारणा. त्यात बॅटरी संपते, डबी तापते आणि उत्तर सावकाश येतं. पिनचं तेच झालं. शेवटी एचपीनं कंपनीचा बराचसा ऐवज 11 कोटी 60 लाख डॉलरला घेतला, 28 फेब्रुवारी 2025 ला सर्व्हर बंद झाले आणि पिनचा नुसता बिल्ला उरला.

ही पिन कुर्डुवाडीपर्यंत आलीच नाही, हे तिचं नशीब. मे महिन्यातल्या सोलापुरी उन्हापुढे तळहातावरच्या लेझरनं काय दिवे लावले असते? आणि फलाटावर मोठ्यानं ‘पंढरपूरची गाडी कधी हाय?’ म्हटलं, की सर्व्हर जागा होईस्तोवर तिघं उत्तर देतात. चौथा ‘कुठलं गाव पाव्हणं?’ म्हणत पिशवी सरकवून बसायला जागा करतो. तिघांतला एक हमखास चुकीची वेळ सांगतो, पण तोही महिन्याचं भाडं मागत नाही.

चष्मा, घड्याळ, कानातलं ऐकण्याचं यंत्र यांना आपण अंगावर नांदू दिलं, कारण प्रत्येकानं एकेकच काम पत्करलं होतं. सगळंच करीन म्हणणाऱ्याला घरात ठेवणं अवघड, तिथं खिशावर कोण ठेवणार?

पुढे कॅलथ्रॉपलाही अंगावरच्या वस्तूचा नाद लागला. त्याचा मित्र चार्ल्स रोल्स, रोल्स-रॉइसमधला रोल्स, 1910 मध्ये विमान अपघातात गेला. मग कॅलथ्रॉपनं ‘गार्डियन एंजल’ नावाचं पॅराशूट बनवलं. काम एकच: माणूस जिवंत खाली आणायचा. आणि ते व्हायचंही. तरीही ते अवजड पडतं वगैरे शंका काढून पहिल्या महायुद्धात ब्रिटिश वैमानिकांना ते दिलं गेलं नाही. जीव वाचवणाऱ्या वस्तूलाही जिथं इतकी खळखळ झाली, तिथं ‘आज पाऊस पडेल का’ एवढंच सांगायला सदऱ्यावर चढून बसलेल्या डबीनं रुसू नये.