स्लाइडशोकाका

स्लाइडशोकाका हा नागपूरच्या मध्यमवर्गीय कुटुंबांत आढळणारा, साठी ओलांडलेला पुरुष होय. घरात कार्य निघाले की फोटो जमवायचे, त्यांना गाणी लावायची आणि त्यांचा व्हिडिओ करायचा, हे काम त्याने स्वतःकडे घेतलेले असते. ते त्याला कोणी दिल्याची नोंद सापडत नाही. एका कुटुंबात तो एकच असतो. दोन असले तर त्यांचे एकमेकांशी बोलणे बंद असते. प्रतापनगर, त्रिमूर्तीनगर, मनीषनगर, नंदनवन या भागांत त्याची संख्या मोठी आहे. महाल-इतवारीच्या जुन्या घरांतही तो भेटतो. तिथे फोटो जास्त असतात आणि प्लग कमी.

तो बहुधा महालेखाकार कार्यालय, वेस्टर्न कोलफील्ड्स, वीज मंडळ, जिल्हा परिषद किंवा एखादे कॉलेज यांतून निवृत्त झालेला असतो. संगणकाशी त्याची ओळख हौसेतून झालेली नसते. २००१ नंतर महाराष्ट्रात एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम आला आणि पुढे राज्य सरकारी कर्मचाऱ्यांवर त्याची सक्ती झाली. वेतनवाढ अडकू नये म्हणून पन्नाशीतले हेडक्लार्क मुलाच्या वयाच्या सरांसमोर माउस धरून बसले. बहुतेकांनी परीक्षेबरोबर माउसही सोडला. ज्यांच्या हातून तो सुटला नाही, त्यांच्यातून आजचे पुष्कळसे स्लाइडशोकाका निघाले आहेत.

ही कला मराठी मुलखात नवी नाही. कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी १८९२ मध्ये शांबरिक खरोलिकेचे खेळ सुरू केले. काचेवर हाताने रंगवलेली चित्रे, मागे दिवा, समोर पडदा आणि जोडीला निवेदन व संगीत, असा तो थाट होता. पुराणकथा चित्राचित्राने पडद्यावर सरकत. काका आज करतो ते तत्त्वतः तेच आहे. पण पटवर्धनांना एक सोय होती : त्यांच्या चित्रांतली पात्रे समोर प्रेक्षकांत येऊन बसत नसत. राम-लक्ष्मणांपैकी कोणीही खेळ संपल्यावर ‘मला किती वेळ दाखवले’ असे विचारायला आले नाही.

काकाचे सॉफ्टवेअर फुकटच असते. त्याच्याकडे पैसे नसतात असे नाही. निवृत्तीच्या रकमेतून त्याने स्कॅनर आणि दोन टेराबाइटची हार्ड डिस्क घेतलेली असते. पण सॉफ्टवेअर हातात धरता येत नाही, म्हणून त्याचे पैसे मोजणे त्याला पटत नाही. त्याची जडणघडण विंडोज मूव्ही मेकरवर झाली. हा प्रोग्रॅम २००० साली विंडोज मी बरोबर आला आणि विंडोज एक्सपीमुळे घरोघरी पोचला. फोटो ओढून खालच्या पट्टीवर टाकायचा, दोन फोटोंच्या मध्ये संक्रमण टाकायचे, खाली गाणे अंथरायचे, एवढीच त्याची विद्या. एक्सपीतल्या मूव्ही मेकरमध्ये काही न सांगता प्रत्येक फोटो पाच सेकंद टिकत असे, आणि हे पाच सेकंद काकाच्या हाडात मुरलेले आहेत. त्याच सुमारास फोटो स्टोरी ३ हा मायक्रोसॉफ्टचाच आणखी एक फुकट प्रोग्रॅम आला. त्यात एका व्हिडिओत तीनशेपर्यंत फोटो बसत. काकाने ही मर्यादा न मानता लक्ष्य मानली.

जानेवारी २०१७ मध्ये मायक्रोसॉफ्टने मूव्ही मेकर बंद केला. काकाने ही बातमी घरातले माणूस गेल्यासारखी घेतली आणि जुना संगणक पलंगाखाली जपून ठेवला. ज्यांनी तो भंगारात दिला होता त्यांनी इंटरनेटवर मूव्ही मेकर शोधायला सुरुवात केली. त्याच वर्षाच्या अखेरीस ईसेट या सुरक्षा कंपनीने इशारा दिला की मूव्ही मेकरच्या नावाने एक बनावट प्रोग्रॅम फिरतो आहे आणि तो व्हिडिओ साठवायच्या वेळी पैसे मागतो. फुकट प्रोग्रॅम पैसे मागतो आहे, यावरून तो बनावट असल्याचे काकाने इशाऱ्याशिवायही ओळखले असते. खरे संकट चाचणी आवृत्त्यांचे. त्या फुकट मिळतात, सगळे करू देतात आणि शेवटी तयार व्हिडिओवर आपले नाव आडवे उमटवतात. नागपुरात अशी काही लग्ने झाली आहेत की ज्यांच्या व्हिडिओत सप्तपदीच्या सातही पावलांवर परदेशी कंपनीची जाहिरात आहे. ओपनशॉट, शॉटकट आणि केडेनलाइव्ह हे प्रोग्रॅम खरोखर मोफत आहेत, कुठलाही शिक्का मारत नाहीत आणि मूव्ही मेकरपेक्षा कितीतरी जास्त करतात. काकाची तक्रार नेमकी तीच आहे. पडद्यावर एकाखाली एक इतक्या पट्ट्या दिसल्या की त्याला रेल्वे यार्डात उभे राहिल्यासारखे वाटते.

फोटो जमवणे हा कामाचा पहिला टप्पा. अल्बममधला फोटो सुटत नाही, म्हणून नातेवाईक वरच्या चकचकीत कागदासकट मोबाइलने त्याचा फोटो काढून पाठवतात. त्यामुळे १९७८ च्या मुंजीत बटूच्या डोक्यावर आजच्या ट्यूबलाइटची पट्टी दिसते. खरे तर फोटो काढून तीनशे डीपीआयला स्कॅन केला तर तो पडदाभर नीट दिसतो. हे काका सगळ्यांना फोनवर सांगतो आणि सगळे ‘हो ना’ म्हणून ट्यूबलाइटच पाठवतात.

यानंतर आकाराचा प्रश्न येतो. चार बाय सहा इंची छापील फोटोचे प्रमाण तीनास दोन असते आणि आजचा पडदा सोळास नऊ. फोटो जसाच्या तसा ठेवला तर दोन्ही बाजूंना काळे पट्टे राहतात. पट्टे म्हणजे काम अपुरे राहिले अशी काकाची समजूत असल्याने तो फोटो ताणून पडदाभर करतो. या ताणण्यात प्रत्येक माणूस साधारण अठरा टक्क्यांनी रुंद होतो. नवरदेवाच्या आईच्या बाबतीत हे अठरा टक्के फार महाग पडतात.

फोटो स्थिर ठेवणे काकाला कमीपणाचे वाटते. अमेरिकी माहितीपटकार केन बर्न्स यांनी १९९० च्या आपल्या यादवी युद्धावरील मालिकेत जुन्या छायाचित्रांवरून कॅमेरा हळूहळू फिरवला. ही युक्ती त्यांच्या आधीही होती, पण ॲपलने २००३ मध्ये आपल्या आयमूव्हीत तिला त्यांचेच नाव दिले. बर्न्स कोणत्या चेहऱ्याकडे जायचे ते ठरवून जात. फुकट प्रोग्रॅम मनाला येईल तिकडे, बहुतेक वेळा फोटोच्या मधोमध जातो. वाड्याच्या ओसरीवर बसलेल्या बावीस माणसांच्या फोटोत मधोमध कधी पितळी तांब्या असतो, तर कधी कोणालाच न आठवणारा एक गृहस्थ. मग पाच सेकंद पडदाभर तो गृहस्थ दिसतो, हॉलमध्ये ‘हा कोण बाप्पा?’ सुरू होते आणि तो शेजारचा भाडेकरू होता हे ठरेपर्यंत आजोबांचे तीन फोटो निघून जातात.

संक्रमणांच्या बाबतीत काका उदार आहे. मूव्ही मेकरमध्ये पान उलटते, चांदणी फुटते, हृदय उमलते. दिलेले वापरायचेच, असा त्याचा बाणा असतो. डोहाळजेवणाला हे खपते. तान्ह्या पोळ्याला नातवाच्या लाकडी नंदीवर चांदण्या फुटल्या तर शोभतातही. पण एकदा बसवलेला साचा काका पुन्हा वापरतो, आणि वर्षश्राद्धाला दिवंगत आजोबा उमलत्या हृदयातून प्रकट होतात.

इथवरचे सगळे तंत्र आठवड्याभरात शिकता येते. स्लाइडशोची खरी अडचण मानपानाची आहे, आणि कोणत्याही प्रोग्रॅमच्या मदत-पानावर तिच्याबद्दल एक ओळही नाही. हिशेब सरळ आहे. यजमान सांगतो, ‘पाच मिनिटांचा करा.’ पाच मिनिटांत पाच सेकंदांचे साठ फोटो बसतात. वडिलांकडचे, आईकडचे, सासरचे, ऑफिसातले आणि कॉलनीतले मिळून साठ फोटोंत मावणारे कुटुंब विदर्भात नाही. काका दोनशे चाळीसवर थांबतो, व्हिडिओ वीस मिनिटांचा होतो आणि तरीही आत्याचे तीन फोटो व मावशीचे चार निघतात. आत्या हे मोजते. काका फोटो मोजतो, आत्या सेकंद मोजते. मावशीचा एक फोटो गाण्याच्या कडव्यामुळे सात सेकंद राहिला, हेही तिच्या नजरेतून सुटत नाही. म्हणून अनुभवी काका आधी कागदावर तक्ता आखतो : नाव, नाते, किती फोटो, कितवा क्रमांक, रुसण्याचा पूर्वेतिहास. ऑडिटमध्ये घालवलेली तीस वर्षे इथे कामी येतात.

काही नियम पक्के आहेत. दिवंगत मंडळी सर्वांत आधी, त्यांना कमळाची चौकट, आणि त्यांच्या फोटोंच्या संख्येबद्दल सहसा तक्रार येत नाही. मोठा जावई धाकट्या जावयाच्या आधी, मग धाकटा अमेरिकेत का असेना. ज्यांचे लग्न पुढे मोडले त्यांचे फोटो कापून घ्यायचे. या कापाकापीत खांद्यावर एक हात उरतो. तो कोणाचा हे हॉलमधल्या प्रत्येकाला ठाऊक असते आणि त्या पाच सेकंदांत सगळे पंख्याकडे पाहतात.

निवेदन काका स्वतःच्या आवाजात करतो. कार्ये उन्हाळ्यात, नागपूरचे तापमान पंचेचाळीसच्या घरात, आणि खिडकीत कूलर. कूलर चालू ठेवला तर ‘आमच्या पूज्य आईसाहेबांनी’ हे शब्द विमानतळावरून आल्यासारखे ऐकू येतात. बंद केला तर काका दुसऱ्या परिच्छेदाच्या पुढे टिकत नाही. यावर पहाटे चारला रेकॉर्डिंग करण्याचा तोडगा आहे. त्यात आवाज स्वच्छ येतो आणि अधूनमधून कोकीळ.

त्यानंतर व्हिडिओ तयार व्हायला लावतात. पडद्यावर फोटो स्थिर दिसला तरी संगणकाला सेकंदाला पंचवीस चित्रे बनवावी लागतात, म्हणजे वीस मिनिटांना तीस हजार. या काळात टक्केवारीची पट्टी पुढे सरकते आणि काका तिच्यासमोर बसतो. आतून काकूचा आवाज येतो, ‘अहो, ते होऊन राहिलं ना? मग जेवून घ्या.’ काका उठत नाही, कारण मागच्या वेळी एक्क्याण्णव टक्क्यांवर वीज गेली होती.

नवखा काका इथे एक घोटाळा हमखास करतो. तो प्रोजेक्ट फाइललाच व्हिडिओ समजून तीच पेनड्राइव्हवर घेतो. प्रोजेक्ट फाइलमध्ये फोटो नसतातच. कोणता फोटो संगणकात कुठे ठेवला आहे आणि किती सेकंद दाखवायचा, एवढीच नोंद असते. मंगल कार्यालयातल्या लॅपटॉपवर ती उघडली की दोनशे चाळीस फोटोंच्या जागी दोनशे चाळीस लाल फुल्या दिसतात. शीर्षकांचेही तसेच. ती कृतिदेव फॉन्टमध्ये टाइप केली असली आणि त्या लॅपटॉपवर हा फॉन्ट नसला तर पडद्यावर ‘अमृतमहोत्सव’ऐवजी इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी येते. युनिकोडमध्ये टाइप केले तर हा त्रास बराच कमी होतो. काकाला हे माहीत आहे, पण बोटांना कृतिदेवचा कीबोर्ड पाठ आहे.

प्रत्यक्ष खेळ लॉनवर, जेवणाच्या सुमारास होतो. पुढच्या रांगेत आजी असतात. त्यांना उठवत नाही म्हणून त्या शेवटपर्यंत पाहतात. बाकीचा प्रत्येक जण आपला फोटो येईपर्यंत बसतो आणि आला की ताट घ्यायला जातो. वीस मिनिटांत खुर्च्या ज्या क्रमाने रिकाम्या होतात त्यावरून व्हिडिओतला क्रम सांगता येतो. हे ओळखून मुरलेला काका मोठ्या जावयाचे दोन फोटो सुरुवातीला मानाने दाखवतो आणि तिसरा एकोणिसाव्या मिनिटावर राखून ठेवतो. तिसरा आहे एवढे त्याच्या कानावर आधीच घातलेले असते. जावई बसला की लेक बसते, लेक बसली की विहीणबाई बसतात. केन बर्न्सला सुचली नसती अशी ही मांडणी आहे.

कार्यानंतर व्हिडिओचे वाटप होते. तो पूर्वी व्हॉट्सॲपच्या सोळा एमबीत बसवावा लागे. त्या दाबादाबीत आजीच्या चेहऱ्यावरच्या सुरकुत्या जात, आणि हे आजीला आवडे. यूट्यूबवर टाकला तर सिनेमातल्या गाण्यामुळे हक्काची नोटीस येते. गाणे आपल्या लग्नातल्या बँडनेही वाजवले होते, मग आपला हक्क कसा नाही, हा काकाचा युक्तिवाद यूट्यूबने अद्याप मान्य केलेला नाही.

आता मोबाइल आपण होऊन असे व्हिडिओ करू लागला आहे. पुण्याचा पुतण्या एका मिनिटात तयार झालेला तसा एक व्हिडिओ काकाला दाखवतो. यंत्राने नातवाचे अकरा फोटो घेतलेले असतात, कुत्र्याचे सहा, सावजी रश्श्याच्या वाटीचे दोन आणि मोठ्या जावयाचा एकही नाही. काका तो पूर्ण पाहतो, ‘छान करून राहिलं यंत्र,’ म्हणतो आणि आपला तक्ता काढतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिला फोन ठरलेला असतो. ‘काहून भाऊजी, आमचा एकच फोटो? त्यातही ह्यांचे डोळे मिटलेले!’ काका वाद घालत नाही. तो प्रोजेक्ट उघडतो, वहिनींचे दोन फोटो वाढवतो, फाइलला ‘फायनल नवीन ३’ असे नाव देतो आणि व्हिडिओ दहा सेकंदांनी लांबवतो. संध्याकाळपर्यंत आत्याने फरक ओळखलेला असतो.