चि. काका, मुक्काम मलकापूर

रविवारी सकाळी साडेसहाला काका रिक्षाथांब्यावर येतात, पहिल्या रिक्षावाल्याला हात करतात आणि विचारतात, "मलकापूरला येणार का?"

रिक्षावाल्याची झोप अजून पुरती उडालेली नसते. "बुलढाण्याकडचं मलकापूर? आजोबा, एसटीनं जा. नाहीतर रेल्वेनं."

"अहो, रविवार पेठ! आमच्या वेळी मलकापूरच म्हणत."

मीटर पडतो. चौकापर्यंत जाईतो रिक्षावाल्याच्या कानावर आलेलं असतं की बुधवार पेठ म्हणजे औरंगजेबाचं मोहियाबाद, शुक्रवार म्हणजे विसापूर, गुरुवार म्हणजे वेताळ पेठ आणि जिच्या नावानं सारा महाराष्ट्र बोटं मोडतो ती सदाशिव पेठ म्हणजे मुळातलं नायगाव, एक साधं खेडं. रिक्षावाला मान डोलावतो. त्याला यातलं काही नको असतं, सुट्टे पैसे तेवढे हवे असतात.

काकांच्या आधार कार्डावर जन्मसाल १९५४ आहे. ते चुकीचं आहे असं काका कधीही म्हणत नाहीत. कोणी विषय काढलाच तर कार्ड डोळ्यांपासून हातभर लांब धरतात, बारकाईनं वाचतात आणि "असेल, असेल" म्हणून खिशात ठेवतात. सगळी मेख त्या "असेल"मध्ये आहे. आपण अडीचशे वर्षांचे आहोत असा दावा करणाऱ्याला घरचे डॉक्टरकडे नेतात. नुसतं "असेल" म्हणणाऱ्याला मात्र गृहनिर्माण संस्थेच्या स्नेहसंमेलनात शेवटचं भाषण देतात.

या वाणाच्या माणसाला चिरंजीवच म्हणावं. मराठीत तशी चिरंजीवांची वाण नाही. लग्नपत्रिकेत नवऱ्यामुलाच्या नावामागे 'चि.' लागतं, मग तो महिन्यातून दोनदा गाडी ठोकणारा का असेना. खरे चिरंजीव सात. अश्वत्थामा, बळी, व्यास, हनुमान, विभीषण, कृप आणि परशुराम ही नावं वाढदिवसाला औक्षण करताना अजूनही काही घरांत घेतली जातात. त्यांतला अश्वत्थामा नर्मदेकाठी परिक्रमावासीयांना भेटतो आणि कपाळाच्या जखमेवर घालायला तेल मागतो, असं परिक्रमा करून आलेली माणसं सांगतात. बऱ्हाणपूरजवळच्या असीरगडावर महादेवाला पहाटेचं पहिलं फूल तोच वाहतो म्हणे. काकांना जखम नाही. ते फक्त चहा मागतात.

चहावरून एकदा नातीनं त्यांना पकडलं होतं. "आजोबा, पेशवाईत चहा कुठे होता?"

"नव्हता ना! तेव्हाचीच तर कसर भरून काढतोय."

तिसरा कप पुढे आला.

हौशी आणि कसलेला चिरंजीव यांतला फरक लगेच ओळखता येतो. हौशी माणूस थेट बाजीरावाच्या घोड्याशेजारी घोडा लावतो. तो राजांना सल्ले देतो, तह घडवतो, आणि दुसऱ्याच प्रश्नाला उताणा पडतो. कसलेला स्वतःला फडावरच्या कारकुनाच्या जागी बसवतो. काकांनी आजवर एकाही थोर माणसाशी संभाषण केलेलं नाही. "सदाशिवरावभाऊंना पाहिलंत?" असं नातीनं विचारलं तेव्हा ते म्हणाले, "पाहिलं असं नाही म्हणता येणार. पाठ पाहिली. गर्दी फार होती गं." या उत्तराला तोड नाही. इतिहासात उपस्थित असलेल्या बहुतेक माणसांनी कुणाची तरी पाठच पाहिलेली असणार.

दुसरी गोष्ट, कसलेल्याला पराक्रमापेक्षा तक्रारी जास्त आठवतात. शनिवारवाड्याच्या पहिल्या बांधकामाला १६,११० रुपये लागले. ज्यानं कुणी तो हिशेब जुळवला त्याला वर्षअखेर काय मिळालं, हे काका आजही हळहळून विचारतात. श्रावणात पर्वतीच्या रमण्यात दक्षिणा वाटत, तेव्हा ब्राह्मणांना आवारात कोंडून एकेकाला दारातून सोडत. त्या रांगेत आपल्या पायावर कोणीतरी पाय दिला होता, असं ते परवाचं असावं तसं सांगतात. पेशवाई गेली, इंग्रजांनी त्या दक्षिणेच्या पैशातून १८२१ साली विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा काढली आणि तिच्यातूनच पुढे डेक्कन कॉलेज झालं, हा इतिहास आहे. काकांच्या दृष्टीनं ही त्यांची थकबाकी आहे. कॉलेजच्या आवारात झाडाखाली बसलेल्या काकांना पहारेकऱ्यानं हटकलं तर ते उठत नाहीत. "आमचेच पैसे आहेत इथे," म्हणतात.

घरात मात्र हा खेळ जपून खेळावा लागतो. नातू रात्री उशिरा आला की काका अंधारातून बोलतात, "तोफ होऊन गेली! घाशीराम कोतवालाच्या वेळी तुझी रात्र चावडीत गेली असती." नातू हेडफोन काढतो, "काय?" म्हणतो, पुन्हा घालतो. किराण्याची यादी ते मोडीत लिहीत. एकदा दुकानदारानं चष्मा पुसून ती दोनदा वाचली, मग उलटी धरून वाचली आणि शेवटी घरी फोन लावला. तेव्हापासून काकू यादी फोनवरच सांगतात.

एकादशीला तर त्यांचं फारच चुकलं. साबुदाण्याच्या खिचडीची ताटली हातात आल्या आल्या ते म्हणाले, "आमच्या काळी उपासाला हे नव्हतं." मुद्दा अगदी रास्त होता. ज्याचा साबुदाणा होतो तो कंद पोर्तुगीजांबरोबर इकडे आला आणि सेलमकडचे साबुदाण्याचे कारखाने १९४०च्या दशकातले. काकूंनी शांतपणे ऐकून घेतलं, ताटली उचलली आणि वरीच्या तांदळाचा डबा त्यांच्यासमोर ठेवला. कच्चा.

काकांसारख्या चिरंजीवांच्या घराण्याचा मूळपुरुष पुण्यातला नाही. अठराव्या शतकात पॅरिसमध्ये काउंट सेंट जर्मेन नावाचा एक गृहस्थ उगवला. तो कुठला, कुणाचा, हे कुणालाच माहीत नव्हतं. हिऱ्यांची पारख, कापड रंगवण्याचे प्रयोग, उत्तम व्हायोलिन आणि अखंड बोलणं, एवढ्या भांडवलावर तो पंधराव्या लुईच्या दरबारात शिरला. प्रयोगांसाठी राजानं त्याला शांबोरच्या महालात जागा दिली. दोनशे वर्षांपूर्वीच्या दरबारातली भांडणं तो अशी सांगे की ऐकणाऱ्यानं विचारावं, तुम्ही तिथे होतात? यावर तो हसे. हेच ते "असेल". पॅरिसची माणसं मला पाचशे वर्षांचा समजतात, त्यांना त्यात मजा वाटते म्हणून मी ती मोडत नाही, अशी कबुली त्यानं एका ओळखीच्या सरदाराजवळ दिल्याची नोंद आहे. व्होल्तेरनं १७६० साली एका पत्रात त्याला कधी न मरणारा आणि सगळं जाणणारा माणूस म्हटलं, अर्थात गालातल्या गालात.

कॅसानोव्हा १७५७ साली त्याच्या पंगतीला होता. त्यानं लिहून ठेवलंय की सेंट जर्मेन घासही घेत नसे, जेवण सुरू झाल्यापासून उठेपर्यंत नुसता बोलत असे. इथे आपल्या काकांचं आणि मूळपुरुषाचं पटणार नाही. काका बोलतात आणि जिलबीही वाढून घेतात.

सेंट जर्मेनची खरी गंमत पुढेच आहे. तो लोकप्रिय झाला तसा पॅरिसमध्ये त्याची हुबेहूब नक्कल करणारा एक बहाद्दर निघाला. तो दिवाणखान्यांतून काउंट म्हणून वावरे आणि थेट येशू ख्रिस्ताशी आपला घरोबा होता, त्याला आपण वेळीच सावध केलं होतं, असं सांगे. लोकांनी ते अस्सलाच्या खात्यावर जमा केलं. म्हणजे काउंटची पहिली पाचशे वर्षं त्याची स्वतःची आणि वरची हजारभर नकलाकाराची. एकानं म्हणे त्याच्या नोकराला गाठून विचारलं, तुझे धनी खरंच इतके जुने आहेत का? नोकर म्हणाला, मला काय ठाऊक, मी त्यांच्याकडे शंभरच वर्षं आहे. किस्सा खरा असो-नसो, नोकर हुशार होता.

१७८४च्या फेब्रुवारीत श्लेस्विगमधल्या एकर्नफोर्डला काउंट वारला. चर्चच्या दप्तरात तशी नोंद आहे. त्यानंतरही कितीतरी लोकांना तो भेटत राहिला.

हाच खेळ कुणी खेळ म्हणून न खेळता पोटासाठी खेळला तर काय होतं, हे पुण्याला कुणी सांगायला नको. पानिपतावर, पौष शुद्ध अष्टमीला, १४ जानेवारी १७६१च्या बुधवारी सदाशिवरावभाऊ पडले. प्रेताबद्दल शंका राहिली. त्यांच्या पत्नी पार्वतीबाईंनी शेवटपर्यंत वैधव्य मानलं नाही. मग उत्तरेकडून सुखनिधान नावाचा एक कनोजा ब्राह्मण "मीच भाऊ" म्हणत आला. पकडला गेला, कैदेत पडला आणि १७७६ साली सुटला तो थेट फौज घेऊनच. कोकणातले किल्ले भराभर त्याला मिळाले, हजारो माणसं गोळा झाली. अखेर महादजी शिंद्यांनी त्याला मोडलं, आंग्र्यांनी धरलं आणि पुण्यात त्याला देहदंड झाला. न. चिं. केळकरांनी यावर 'तोतयाचे बंड' हे नाटक लिहिलं. काकांना तोतयाचा मनापासून राग आहे. नैतिक कारणासाठी नव्हे. "भाऊ कशाला व्हायचं?" ते म्हणतात. "भाऊंचा हुजऱ्या झाला असता, तर मेजवान्या खात नव्वदीला पोचला असता."

आता काकांची स्मरणशक्ती येते कुठून, तेही सांगून टाकायला हवं. रियासतकार सरदेसायांनी पेशवे दप्तरातले निवडक कागद १९३०नंतर छापले, त्याचे पंचेचाळीस खंड. काकांनी ते बँकेत असताना जेवणाच्या सुट्टीत वाचले. व्याजाचे तक्ते भरणाऱ्या माणसाला दुसऱ्या एका कारकुनाचा जमाखर्च दीडशे-दोनशे वर्षांनी वाचताना जे वाटलं असेल, ते त्यांनी कधी कुणाला सांगितलेलं नाही. अडचण एवढीच की त्यांच्या आठवणींना पानं आहेत. एकदा गणपतीतल्या व्याख्यानात ते अगदी रंगात आले होते. हत्तीखान्यातल्या चाऱ्याचा घोटाळा आपल्या डोळ्यांसमोर कसा झाला ते सांगता सांगता म्हणाले, "मला अजून लख्ख आठवतं, डाव्या पानावर, खालून तिसऱ्या—" आणि थांबले. सभागृहानं टाळ्या वाजवल्या. दाद समजून काकांनी मान लववली.

काका रविवारी जुनं पुणं दाखवत हिंडतात, ती फेरी ओंकारेश्वरापाशी संपते. पंधरा-वीस तरुण मंडळी, हातात फोन, पायात पळायचे बूट. मागून काकू थर्मास घेऊन येतात. परवा समोर मुठेच्या पात्राकडे पाहून एका मुलीनं विचारलं, "काका, पानशेतचा पूर इथपर्यंत आला होता?"

हा प्रश्न काकांना नेहमीच्यापेक्षा दोनशे वर्षं अलीकडे घेऊन आला, पण ते डगमगले नाहीत. "१२ जुलै १९६१. तोही बुधवारच," त्यांनी सुरुवात केली. "सकाळी पानशेत फुटलं, मग खडकवासला. मी इथेच उभा होतो, या पायरीवर..."

"तुम्ही बार्शीला होतात," काकू म्हणाल्या.

"अं?"

"मामांकडे. पहिली-दुसरीत. सासूबाईंनीच सांगितलंय मला. पुरानंतर महिन्यानं आणलं तुम्हाला." त्यांनी थर्मासचं झाकण फिरवलं. "नारायण पेठेत होते ती मी. सहा वर्षांची. आईनं आम्हाला माडीवर नेलं, तिथून शेजारच्या पत्र्यावर. बिब्ब्यांचा वास येत होता. कुणाचं तरी औषधाचं दुकान वाहत चाललं होतं. आमचा पाण्याचा हंडा अंगणात तरंगत गोल गोल फिरला आणि दिंडीतून बाहेर गेला. आई त्याला हाक मारत होती. हंड्याला!"

फोन सगळे काकूंकडे वळले. काका पायरीवर बसले. पानिपतापासून पेशवाई बुडेपर्यंत एकाही माणसानं त्यांना "तुम्ही तिथे नव्हतात" असं म्हटलेलं नव्हतं. थोड्या वेळानं त्यांनी खिशातून वही काढली आणि मोडीत काहीतरी टिपायला सुरुवात केली.

"हंडा तांब्याचा की पितळेचा?" मान वर न करता त्यांनी विचारलं.

"पितळेचा," काकू म्हणाल्या. "आणि आमचा होता. पुढच्या रविवारी तुमचा व्हायचा नाही."