सातासमुद्रापार शेपू

शेपूच्या बाबतीत माणसांत दोनच पक्ष असतात आणि तटस्थ कोणी नसतं. मेथी न आवडणारा माणूस दुसऱ्याच्या घरी निमूटपणे दोन घास खातो. शेपू न आवडणारा मात्र वास आला की चपला शोधू लागतो. मेथीचा कडवटपणा घासाबरोबर संपतो. शेपू संध्याकाळपर्यंत ढेकरांवाटे हजेरी लावत राहतो, हेच त्याचं खरं कारण. मी शेपूविरोधी पक्षाचा आजीव सभासद आणि लग्न मात्र झालं सत्ताधारी पक्षात. हिच्या माहेरी मुगाची डाळ घालून शेपू आठवड्यातून दोनदा होत असे. संसाराच्या सुरुवातीलाच आमच्यात तह झाला: घरात शेपूची जुडी येणार नाही आणि त्या बदल्यात दिवाळी दरवर्षी हिच्या माहेरी. हा तह मोडला तो थेट न्यूयॉर्कमध्ये.

मुलगा आणि सून जर्सी सिटीत राहतात. पितृपक्ष संपता संपता आम्ही त्यांच्याकडे गेलो. एका रविवारी सून म्हणाली, "आई, आज युक्रेनियन जेवायला जाऊ या."

"तिथे शाकाहारी काही मिळेल का गं?"

"बटाटा, कोबी, बीट, मश्रूम. सगळं आपलंच आहे, आई."

यादी खरी होती, पण अपुरी होती.

मॅनहॅटनमधला ईस्ट व्हिलेज म्हणजे युक्रेनियन लोकांची जुनी वस्ती. दुसऱ्या महायुद्धानंतर निर्वासित म्हणून आलेली कितीतरी कुटुंबं इथे स्थिरावली. त्यांचं चर्च, त्यांचं संग्रहालय, त्यांची पतपेढी, सगळं चार गल्ल्यांत. सेकंड ॲव्हेन्यू आणि नववा रस्ता जिथे मिळतात, त्या कोपऱ्यावर 'वेसेल्का' आहे. 1954 साली वर्तमानपत्रं आणि गोळ्या-चॉकलेटं विकणारं छोटं दुकान म्हणून ते सुरू झालं. आता त्याच्या दारातली रांग फूटपाथ अडवते. रांग बघून सुनेने आम्हाला जवळच्याच एका छोट्या खाणावळीत नेलं. तिचं नाव मी सांगत नाही. तिथल्या बाईंनी माझं काहीच वाईट केलेलं नाही. जे केलं ते शेपूने.

वाढायला साठी उलटलेल्या, भरतकाम केलेला सदरा घातलेल्या एक बाई होत्या. त्यांचं इंग्रजी हिच्या इंग्रजीइतकंच, त्यामुळे दोघींचं पहिल्या मिनिटापासून उत्तम जमलं. हिने "नो मीट, नो फिश" म्हटलं. बाईंनी छातीवर हात ठेवून अभय दिलं आणि बोर्शचे वाडगे आणले. बोर्श हे बीटाचं आंबटसर सार. त्यात कोबी, बटाटा, गाजर, कांदा. एरवी ते मांसाच्या रश्शात शिजतं, पण उपासाच्या दिवसांत मश्रूम घालून शाकाहारीही करतात. रंग पैठणीला शोभावा असा, मधोमध स्मेताना म्हणजे घट्ट आंबट सायीचा गोळा आणि त्या पांढऱ्या गोळ्यावर, अगदी डोक्यावर, बारीक चिरलेला हिरवागार...

"अहो!" हिचा आवाज चढला. "शेपू!"

इतक्या वर्षांच्या संसारात माझ्याकडे बघून हिचा चेहरा कधी इतका फुललेला मला आठवत नाही.

मी चमच्याने तो पाला कडेला सारू लागलो. बाईंनी ते पाहिलं. वरचा शेपू संपला, एवढाच अर्थ त्यांनी काढला आणि वाटीभर आणखी आणून ठेवला.

पुढचं सगळं जेवण म्हणजे पाठलाग होता. उकडलेल्या बटाट्यांवर शेपू. काकडीच्या कोशिंबिरीत शेपू. खारवलेल्या काकड्यांच्या बरणीत तर शेपूची अख्खी फुलोऱ्याची काडी उभी. बटाट्याचं सारण भरलेले वारेनिकी आले. मैद्याच्या पारीचे अर्धचंद्र, वर परतलेला कांदा. मी सुटकेचा श्वास सोडतोय तोच बाईंनी वरून चिमूटभर शेपू भुरभुरवला, आपण तुळशीपत्र ठेवतो तितक्या श्रद्धेने.

मधेच शेजारच्या टेबलावरच्या आजोबांनी आमच्याकडे कौतुकाने पाहून एक ताटली पुढे केली. काळ्या राय पावावर पांढऱ्याशुभ्र पातळ कातळ्या, बरोबर लसणाच्या पाकळ्या. ओल्या नारळासारखं ते दिसत होतं. "खोबरं वाटतं," म्हणत हिचा हात पुढे गेला. सुनेने तो हवेतच धरला. "आई, ते सालो आहे. डुकराची चरबी. मीठ लावून मुरवलेली." हिने हात मागे घेऊन आजोबांना नमस्कार केला. आजोबांना वाटलं, काय ही नम्रता! त्यांनी उठून वाकून प्रतिनमस्कार केला.

मी एकटा मांसाहारी. मी डोकं चालवलं: जो पदार्थ चहूबाजूंनी बंद आहे, त्यात शेपू शिरणार कुठून? म्हणून चिकन कीव्ह मागवलं. कोंबडीचं मांस ठोकून पातळ करायचं, त्यात गार लोण्याचा रूळ गुंडाळायचा, पावाचा चुरा लावून तळायचं. बाहेरून सोनेरी किल्ला, कुठे फट म्हणून नाही. "बाबा, आधी काट्याने हळूच भोक पाडा," मुलगा म्हणेपर्यंत मी सुरी घातली होती. आत वितळून कोंडलेल्या लोण्याची चिळकांडी थेट शर्टाच्या खिशावर. पिवळ्या लोण्यात हिरवे ठिपके होते. लोणीच शेपू घालून मळलेलं होतं!

ही हसली नाही. तिने फक्त पर्समधून रुमाल काढून दिला आणि वर म्हणाली, "लहानपणी ग्राइप वॉटर ढोसलंत ना? त्यातही शेपूच्या बियांचं तेल असतं. बाळंतशोपा म्हणजे तरी दुसरं काय?" म्हणजे माझा प्रतिकार पाळण्यातच मोडून पडला होता. मला कोणी कळवलं नव्हतं, एवढंच.

शेवटी चेरीचे गोड वारेनिकी आले. मी ताटली फिरवून चारी बाजूंनी तपासली. स्वच्छ होती. तेवढ्या वेळात बाई हिच्याशेजारी खुर्ची ओढून बसल्या होत्या आणि फोनमधले फोटो दाखवत होत्या: ल्विवजवळचं घर, परसातले वाफे, सैन्यात असलेला भाचा. 1 जुलै 2022 रोजी युनेस्कोने युक्रेनच्या बोर्श-परंपरेला तातडीने जपण्याच्या वारशाच्या यादीत घातलं, हे त्यांनी भाच्याइतक्याच अभिमानाने सांगितलं. युद्धात माणसं पांगली, शेतं उजाड झाली, तर सार रांधणार कोण आणि कशाचं, हा त्यामागचा प्रश्न. बाई शब्द शोधत होत्या, ही मान डोलावत होती आणि मी गप्प बसून बोर्शचा वाडगा पुन्हा ओढून घेतला. वाटीतला शेपूही त्यात गेला. बाईंसमोर उरवणं बरं दिसेना.

निघताना बाईंनी नाताळच्या आदल्या संध्याकाळचं आमंत्रण दिलं. त्या रात्री युक्रेनियन घरात बारा पदार्थ होतात आणि एकातही मांस नसतं. तिथल्या चर्चने 2023 मध्ये नाताळ 7 जानेवारीवरून 25 डिसेंबरला आणला, त्यामुळे ही मेजवानी आता 24 डिसेंबरलाच. एखाददुसरा मासा असतो, पण तो वगळता येईल, असा बाईंनी हिला शब्द दिला.

आमचं परतीचं तिकीट नोव्हेंबरचं होतं. ते पुढे ढकलायला किती पैसे पडतात, ते बघायला हिने मुलाला ट्रेनमध्येच बसवलं. मी सुनेकडून बारा पदार्थांची चौकशी केली. कुत्या नावाचा पहिला पदार्थ गहू, खसखस आणि मध यांचा असतो आणि त्यात शेपू घालत नाहीत, असं ती खात्रीने म्हणाली. उरलेल्या अकरांचं विचारलं, तर म्हणाली, "बाबा, तुम्ही कुत्या पोटभर खा."