पिकअपराव

पिकअपराव गिटार वाजवतो, असं छातीठोकपणे सांगणारे फारसे सापडायचे नाहीत. तो गिटार उघडतो, याला मात्र घरचे, शेजारचे आणि कुरिअरवाला असे भरपूर साक्षीदार आहेत. वय चाळिशीच्या आगेमागे, नोकरी पुण्यात हिंजवडीला, घर कर्वेनगरला. कॉलेजात असताना फिरोदिया करंडकात विंगेतून लीड वाजवली होती, तेव्हा कोणीतरी 'आवाज जरा पातळ येतोय रे' म्हणालं. बोलणारा बहुधा माइकबद्दल बोलत होता. पण ते वाक्य याच्या डोक्यात घर करून बसलं ते बसलंच. असे पिकअपराव ठाण्यात आहेत, नाशकात आहेत, पणजीतही आहेत. ओळखायची खूण एकच: गिटारीच्या बॅगेत पिक कमी आणि स्क्रूड्रायव्हर जास्त.

गिटारच्या तारांखाली जे दोन-तीन काळे-पांढरे ठोकळे दिसतात ते पिकअप. आत लोहचुंबक, त्याभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वरची पोलादी तार थरथरली की चुंबकीय क्षेत्र हलतं, वेढ्यांत इवलासा विद्युतदाब तयार होतो आणि अँपमध्ये जाऊन त्याचा आवाज होतो. मायकेल फॅरेडेने हे तत्त्व १८३१ साली दाखवलं. बरोबर शंभर वर्षांनी, १९३१ साली, अमेरिकेत जॉर्ज बीचमने ते गिटारीवर चालवून दाखवलं. पिकअपरावच्या मते या दोघांनी एवढे कष्ट उपसले ते पुढे कधीतरी कर्वेनगरात रविवार सत्कारणी लागावा म्हणून.

आता यातली खरी गोम सांगतो. मिरजेला तानपुरा घ्यायला गेलात तर कारागीर समोर बसवतो, जवारी काढून दाखवतो, 'छेडून बघा' म्हणतो. पिकअपला ती सोय नाही. त्याचा आवाज ऐकायचा तर पैसे मोजून, तारा काढून, सोल्डर मारून तो आपल्या गिटारीत बसवावाच लागतो. म्हणजे आधी लग्न, मग बोलणं. साहजिकच सगळा निवाडा पत्रिकेवर.

पत्रिकेत पहिलं घर चुंबकाचं. अल्निको, म्हणजे लोखंडात अॅल्युमिनियम, निकेल आणि कोबाल्ट मिसळून केलेला. त्यात अल्निको दोन असेल तर स्वभाव मऊ, पाच असेल तर ठसकेबाज. सिरॅमिक म्हटलं की पिकअपराव म्हणतो, 'चांगला असतो, पण आपल्याकडे चालणार नाही.' मग तारेचा गेज, ४२ की ४३. आणि शेवटी किलोओहम, म्हणजे गुंडाळीचा रोध. जुन्या धाटणीच्या सिंगल कॉइलला, म्हणजे एकाच गुंडाळीच्या पिकअपला, सहाच्या आसपास, सेमूर डंकन कंपनीच्या 'जेबी' पिकअपला सोळाच्या वर. आकडा मोठा म्हणजे आवाज दांडगा, अशी बाजारात समजूत आहे. वास्तविक वेढ्यांची तार बारीक घेतली की आकडा आपोआप चढतो, तेवढ्याने मुलगा कर्तबगार ठरत नाही. पिकअपरावला हे माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. तरी तो मुलाचा पगार आधी विचारतो.

ही सगळी स्थळं एक्सेलमध्ये भरलेली आहेत. एक रकाना 'स्वभाव' असा आहे आणि त्यात उबदार, मधाळ, काचदार, थोडा तुसडा अशा नोंदी आहेत. मी गेलो की तो 'ऐक' म्हणून मोबाइलवर दोन नमुने लावतो, ते कोणीतरी परक्या माणसाने परक्या अँपवर वाजवलेले असतात. अशा वेळेसाठी मी एक वाक्य तयार ठेवलंय: 'दुसऱ्यात मिड्स जरा पुढे येतात.' हे वाक्य कुठेही चालतं. तो मान डोलावतो आणि रकान्यात काहीतरी खोडून काहीतरी लिहितो.

मल्टिमीटरचं प्रकरण याहून वरचं. एका सिंगल कॉइलच्या डबीवर ६.२ किलोओहम छापलेलं. ऐन मे महिन्यात, दुपारी, पंखा बंद करून (पंख्याच्या रेग्युलेटरने गुणगुण येते, हेही त्याचंच संशोधन) त्याने मोजलं तर ६.६. त्याचा चेहरा उजळला. 'कारखान्यात चुकून वेढे जास्त पडलेत. लाखात एक पीस आलाय.' डिसेंबरात पुन्हा मोजलं तर ६.१. मग दोन दिवस घरात सुतक. तांब्याचा रोध तापमानाबरोबर दर अंशाला साधारण ०.४ टक्क्याने वाढतो, हे बारावीच्या पुस्तकातलं भौतिकशास्त्र आहे. वीस अंशांना ६.२ असलेली गुंडाळी पुण्याच्या अडतीस अंशांत ६.६ दाखवणारच. मी ते सांगितलं. तो म्हणाला, 'म्हणजे उन्हाळ्यात ती खरंच जास्त हॉट असते.'

चहाला बसलो की हमबकरची कथा ठरलेली. साध्या एका गुंडाळीत घरातल्या विजेची गुणगुण घुसते, अमेरिकेत ६० हर्ट्झची, आपल्याकडे ५०ची. गिब्सन कंपनीतल्या सेथ लव्हरने दोन गुंडाळ्या एकमेकींच्या उलट जोडल्या आणि त्यांचे चुंबकध्रुवही उलटे ठेवले. गुणगुण आपसात भांडून संपली, तारेचा आवाज तेवढा राहिला. हाच हमबकर. पेटंटचा अर्ज १९५५चा, मंजुरी १९५९ची. दरम्यान पिकअपच्या पाठीवर 'पेटंट अप्लाइड फॉर', म्हणजे 'पेटंटसाठी अर्ज केलेला आहे', एवढंच सांगणारी चिठ्ठी लागायची, ती मंजुरीनंतरही काही वर्षं लागत राहिली. पुढे नंबर छापला तो भलत्याच पेटंटचा, लेस पॉलच्या टेलपीसचा. सरकारी कचेरीला शोभेल असा हा कारभार, आणि त्याच चिठ्ठीवरून नाव पडलेले ते 'पीएएफ' पिकअप आज हजारो डॉलरना जातात. त्या काळात वेढ्यांची मोजणी सैल होती, हाताला लागेल तो अल्निको आत जायचा, म्हणून एक पीएएफ दुसऱ्याशी जुळत नाही. तेव्हाच्या ढिसाळपणाची आता काटेकोर नक्कल होते आणि ती चढ्या भावाने विकली जाते. मला यात विनोद दिसतो. पिकअपरावला परंपरा दिसते. फेंडरमध्ये १९५६ साली लागून पुढे वर्षानुवर्षं पिकअप गुंडाळलेल्या अॅबिगेल इबारा यांचं नाव घेताना तो कानाच्या पाळीला हात लावतो.

१९७२ साली लॅरी डिमार्झिओने सुपर डिस्टॉर्शन नावाचा पिकअप काढला आणि कारखान्याने दिलेला काढून बाजारातला बसवायची रीत जोरात सुरू झाली. ती रीत कर्वेनगरात येते बहिणीच्या बॅगेतून. बहीण न्यू जर्सीत एडिसनला असते. मागच्या दिवाळीत तिने डबी हातात देताना विचारलंच.

'दादा, गिटार अठरा हजारांची ना? मग हे एकवीस हजारांचं काय आहे?'

'गिटारचा आत्मा.'

'मग इतके दिवस आत काय होतं?'

'ते कंपनीचं होतं गं.'

बसवायचा मुहूर्त रविवारचा. आदल्या दिवशी इलेक्ट्रॉनिक्सच्या सामानासाठी तपकीर गल्लीची वारी. काउंटरवरच्या माणसाने आवाज कमीजास्त करायचा पॉट कशाला हवाय ते विचारलं. गिटारला म्हटल्यावर न बघता म्हणाला, 'मग ऑडिओ टेपर घ्या, लिनिअर नको.' पिकअपराव एवढा भारावला, की गरज एकाची होती आणि आणले सहा.

रविवारी मी साक्षीदार म्हणून हजर होतो. जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र, त्यावर गिटार उताणी, तारा काढून गुंडाळलेल्या. पिकअप धरून ठेवणाऱ्या पांढऱ्या प्लॅस्टिकच्या पट्टीचे अकरा स्क्रू आमटीच्या वाटीत. (वहिनींनी मध्येच येऊन वाटी बदलली, ती चांदीची निघाली.) सोल्डरची राळ जळाल्याचा वास सुटला तशी आई आतून दोनदा विचारून गेली, 'गॅसवर काही राहिलंय का?' हमबकरच्या शेपटीत चार रंगीत वायरी आणि एक उघडी. आता इथे प्रत्येक घराण्याची रीत वेगळी: डंकनकडे काळी वायर आवाजाची, लाल-पांढरी एकमेकींना जोडायची, डिमार्झिओकडे लाल वायर आवाजाची, काळी-पांढरी जोडायची. हातातला पिकअप डिमार्झिओचा होता. समोर उघडलेली आकृती डंकनची होती.

तारा चढल्या, अँप लागला, पिकअपरावने डोळे मिटून ई मेजर वाजवला. आवाज आला तो सर्दी झालेल्या माणसाच्या नाकातून यावा तसा, आणि त्याच्यामागे दणदणीत गुणगुण. एक गुंडाळी उलटी जोडली गेली होती. त्यामुळे तारेचा आवाज आपसात भांडून संपला आणि गुणगुण तेवढी राहिली. सेथ लव्हरने जे साधलं त्याच्या बरोबर उलटं करायलाही कौशल्य लागतं.

पिकअपराव क्षणभर गप्प झाला. मग डोळे उघडून म्हणाला, 'पीटर ग्रीन!'

पीटर ग्रीनच्या १९५९च्या लेस पॉलमध्ये एका पिकअपचा चुंबक उलटा बसला होता आणि त्यातून त्याचा तो नावाजलेला अनुनासिक स्वर निघाला, हे खरं आहे. पण ती दोन पिकअपमधली भानगड होती, एकाच पिकअपच्या पोटातली नव्हती. मी तसं म्हणणार, एवढ्यात आतल्या खोलीतून बाबांचा आवाज आला. बाबा वर्षानुवर्षं सवाई गंधर्वला भारतीय बैठकीवर बसून ऐकलेले.

'ते वायरी-बियरी तुमचं तुम्ही बघा. पण ती तिसरी तार उतरलीये.'

खरंच उतरली होती.

वायर दुरुस्त झाल्यावर आवाज चांगला आला, हे कबूल केलं पाहिजे. भरदार आला. पिकअपराव आठवडाभर खुशीत होता, पुढच्या आठवड्यात म्हणाला, 'नेकचा, मानेकडचा पिकअप आता त्याच्यापुढे बिचारा वाटतो.' मी सुचवलं, पिकअपच्या दोन्ही टोकांना एकेक स्क्रू असतो. तो फिरवला की पिकअप तारेजवळ सरकतो आणि आवाज वाढतो. फार जवळ नेलास तर चुंबक तारच ओढायला लागेल आणि सूर बिघडेल, तेव्हा बेताने. दोन मिनिटांचं काम, पैसे शून्य. त्याने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू दुसऱ्या लग्नासाठी मुली बघायला निघालेल्या माणसाला मी 'आहे त्या बायकोशी एकदा बोलून बघ' म्हणालो होतो.

काढलेले पिकअप तो टाकत नाही. श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात, प्रत्येकाला चिठ्ठी लावून, कापसात गुंडाळून ठेवतो. डबा भरत आला तसं वहिनींनी साधा प्रश्न केला: 'याचं करायचं काय?' तो प्रश्न त्याने फार मनावर घेतला. परवा रात्री अकराला मला फोन.

'अरे, एक बॉडी मिळतेय. नेक आहे, ट्यूनर आहेत, फक्त पिकअप नाहीत.'

'मग?'

'मग काय? आपल्याकडे आहेत ना पडून. वाया कशाला घालवायचे? बावीस हजारांत नवीन गिटार म्हणजे जवळजवळ फुकटच पडली.'

'आणि ते पिकअप तुला आवडले नव्हते म्हणूनच काढलेस ना?'

'हो, म्हणून त्यांच्या जागी काय घालायचं त्याचं वेगळं शीट केलंय. पाठवू?'